साहेबांशिवायचं गोल्फ

१ डिसेंबर, सोमवार
रिटायर होऊन महिना झाला. कंपनीच्या ॲडमिनमध्ये अठ्ठावीस वर्षं साहेबलोकांच्या गोल्फ ट्रिपा मीच जमवल्या. रूम, गाड्या, टोप्या, नाश्त्याला उपमा की पोहे, सगळं. एकदाही कुणी चल म्हणालं नाही. आता स्वतःची ट्रिप काढणार आणि स्वतः खेळणार. रोह्याच्या शाळेतले आम्ही चौघं: मी, खांब गावचा सुजय, पेणला गणपतीचा कारखाना असलेला आदेश आणि जमाल. जमाल मस्कतहून सुट्टीवर आलाय, पंचवीस जानेवारीला परत जाणार. पुढची सुट्टी थेट तीन वर्षांनी, तेव्हा आमचे गुडघे काय म्हणतील सांगता येत नाही. म्हणून आत्ताच. समुद्रकाठच्या रिसॉर्टला नऊ होलचं मैदान आहे, साहेबांचं आवडतं. तिघांना फोन केले. सुजयने विचारलं, सुरमई मिळते काय. म्हणजे इंटरेस्ट आहे.

४ डिसेंबर, गुरुवार
तारीख फिक्स, पुढचा गुरुवार. आठवड्याच्या मधे गर्दी नसते. बायको, अनिता, म्हणाली, अवो, मार्गशीर्षातला गुरुवार हाय तो, भावजी सुरमईकडं नुसते बघत बसतील काय. समोर तिने घट मांडलेला होता, तरी माझ्या लक्षात आलं नाही. साहेबांच्या ट्रिपांना मार्गशीर्ष नसायचा. तारीख पुढे ढकलली. प्लॅन लवचिक ठेवायचा हे तसं आधीच ठरलं होतं.

९ डिसेंबर, मंगळवार
साहेबांनी टाकून दिलेली एक स्टिक माळ्यावर होती. ती घेऊन खांबला, सुजयच्या शेतावर प्रॅक्टिस. भात कापलेलं मोकळं शेत, एकदम सपाट. सहा शॉट मारले. दरवेळी ढेकळं उडाली, म्हणजे जोर बरोबर लागत होता. सुजयची बायको रंभावहिनी कोयता घेऊन धावत आली. शेत मोकळं नव्हतं, वाल उगवून वर आला होता. म्हणाली, भावजी, कंपनीत जाऊन वालाचं रोप पण वळखत नाय व्हय. मी समजावलं की या खेळात माती उडतेच. ती म्हणाली, मग परत लावतं कोण? सहाही चेंडू वालात हरवले. कंबर धरली आहे.

१३ डिसेंबर, शनिवार
जमाल आला. त्याला तासभर स्टिक कशी धरायची ते शिकवलं. व्हिडिओत बघितलंय तसंच. गुणी माणूस, गप्प ऐकून घेतो. मधेच म्हणाला, वारा असला तर चेंडू खालून मारायचा, अंग सैल ठेव. टीव्हीवर ऐकलं असेल कुठे. मस्कतला नेमकं काय काम करतो विचारलं, तर म्हणाला, गवताचं. मी त्याला सांगितलं, गोल्फसुद्धा गवतावरच खेळतात.

४ जानेवारी, रविवार
नवी तारीख सतरा-अठरा. टोप्या शिवून आल्या. आदेश नाही येत. माघी गणपतीच्या ऑर्डरी आहेत, डोळे काढायचे बाकी आहेत. म्हणाला, स्टिक मारून हात थरथरला तर देव तिरळा बघेल. तिघांतही गोल्फ होतं.

१५ जानेवारी, गुरुवार
सुजय नाही. शेतावर पाहुण्यांसाठी पोपटी लावायचीय, मडक्यात शेंगा भाजायच्या, वाल भरलाय. (माझे सहा शॉट सोडून.) दोघांत तर उलट जास्त खेळायला मिळतं.

१७ जानेवारी, शनिवार, रात्री
पोचलो. वारा असा की पहिली टोपी थेट समुद्रावर. रिसेप्शनला कंपनीच्या चार गाड्या. जनरल मॅनेजर साहेब म्हणाले, अरे हर्षद, तू आहेस होय, मग काळजी नाही, रूमची लिस्ट चुकलीय, जरा बघ. मी खेळायला आलोय हे सांगणारच होतो, पण लिस्ट खरंच चुकली होती.

दोन तास गेले. त्यांना एक गडी कमी होता, जमालला घेऊन गेले. मी मैदानावर गेलो तेव्हा तो तिसऱ्या झेंड्याशी होता. चेंडू वाऱ्याखालून सरळ गेला आणि झेंड्यापासून हातभर थांबला. साहेबांनी विचारलं, कुठे शिकलास. म्हणाला, क्लबात चौदा वर्षं गवत कापतोय, सांजच्याला मैदान रिकामं असलं की खेळू देतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाऱ्याने उडतात म्हणून टोप्या माझ्याकडे दिल्या होत्या, त्यामुळे मला वाजवता आल्या नाहीत.

जमालने स्टिक पुढे केली. म्हणाला, आता तू मार. तेवढ्यात रिसेप्शनचा फोन आला, जेवणात व्हेज किती. त्याला थांब म्हणून गेलो. परत आलो तर अंधार पडला होता. उद्या सकाळी मारू असं ठरवलं.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी साहेबांचं चेक-आऊट होतं.

२५ जानेवारी, रविवार
दुपारी जमाल गेला. गाडीत बसताना म्हणाला, तीन वर्षांनी आपण दोघंच जाऊ, साहेब नसतील तिथं. फार वाईट वाटलं. अनिताने विचारलं, एकदा तरी मारलात काय. म्हणालो, प्लॅनिंग हाच या खेळाचा मोठा भाग असतो. ती चहा ठेवायला गेली.

साडेपाचला पक्कं ठरवलं, आता कुणाची रूम बघायची नाही. पाच पस्तीसला साहेबांचा मेसेज आला: मार्चमध्ये परत जातोय, आठ रूम, बघशील ना.

पाच छत्तीसला माझं उत्तर गेलेलं दिसतंय. हो सर. जमालचं विमान अजून सुटलंही नव्हतं.