चिमूटभर हिंग

प्रिय अप्पा,

आज दुपारी मी तुमच्यावर हसले, म्हणून हे पत्र.

वहिनीचा फोन आला होता. उद्या शहाडला तुमचं वर्षश्राद्ध. गुरुजी कधी येणार, माणसं किती, सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि रेवासाठी वेगळं पातेलं काढून ठेवलंय गं मी. बाकी आता टेन्शन नाही, चोरून बिस्किटं द्यायला अप्पा थोडेच आहेत!" तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तुम्हाला माहितीच आहे ती. आपल्या घरात हा विनोद आता जुना झालाय. आणि मी हसले, अप्पा. सवयीने. फोन स्पीकरवर होता आणि समोर रेवा गृहपाठ करत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

गेले सहा महिने मला माहीत आहे की तुम्ही तिला एकही बिस्किट दिलं नव्हतं. तरी हसले!

आता सगळं क्रमाने लिहून काढते. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण उद्या दादासमोर, वहिनीसमोर, काकांसमोर हेच बोलायचंय, आणि ऐनवेळी माझी जीभ कशी अडखळते ते तुम्ही पाहिलेलं आहे.

रेवा सहा वर्षांची असताना वर्गात सगळ्यात बुटकी होती. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. इथे डोंबिवलीत एकाने जंताचं औषध दिलं, दुसऱ्याने लोहाचं, तिसऱ्याने "आई नोकरी करते का?" असं विचारून मलाच चार शब्द सुनावले. शेवटी ठाण्याला नेलं. रक्त तपासलं, दुर्बीण घातली आणि नाव कळलं, सिलिअॅक. गव्हातला एक पदार्थ तिच्या आतड्याला सोसत नाही, आतडं झिजत जातं. पोळी, ब्रेड, रवा, शेवया, बिस्किटं बंद. औषध नाही. जन्मभर गव्हाचा कणसुद्धा पोटात जायला नको, एवढाच उपाय.

त्या रात्री मी फोनवर रडले आणि चौथ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन दारात! लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा संकोचणारा माणूस. "पंधरा दिवस राहतो, तुमची घडी बसली की निघतो," म्हणालात आणि दोन वर्षं राहिलात.

तुम्ही नसतात तर आम्ही काय केलं असतं? मी सकाळी कोलशेतला कंपनीत, संदीप पार अंधेरीला. रेवाला शाळेत सोडणं, आणणं, दुपारची भाकरी गरम करून देणं, सगळं तुमच्याकडे. मी ज्वारी गिरणीत टाकायला निघाले तेव्हा केवढ्याने ओरडला होतात! "अगं, आधीच्या माणसाचे गहू त्याच जात्यात असतात की! उभा जन्म वाण्याच्या दुकानात काढला मी, भेसळ मला शिकवू नकोस." आठवड्याभरात घरात घरघंटी आली. ती अजून तिथेच आहे, फ्रीजशेजारी. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही.

आणि तुमची ती चहा-बिस्किटं! अख्ख्या आयुष्यातली एकच चैन. तीही तुम्ही घराबाहेर नेलीत. शाळा सुटायच्या आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा, त्यात बुडवून दोन बिस्किटं, मग नळावर साबणाने हात. साबणाची वडी खिशात घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

एवढं करूनही रेवाच्या रक्तातला या आजाराचा आकडा खाली येईना. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. उंची तिथेच, पोटदुखी तशीच. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "घरात कोणी लाडाने देतं का काही? आजी-आजोबा वगैरे?" झालं! तो शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. त्याच आठवड्यात, रेवाची बाटली ज्या पिशवीत तुम्ही न्यायचात, तिच्यात मला बिस्किटाचा रिकामा कागद सापडला. टपरीवरचा तुमचाच असेल, हे मी मनात येऊच दिलं नाही.

तुम्हाला विचारायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी पोरीला धरलं. आठ वर्षांची पोर. तुम्ही भाजी आणायला गेला होतात. "खरं सांगितलंस तर ओरडणार नाही. अप्पा देतात ना बिस्किट?" ती नाही म्हणाली. मी परत विचारलं. परत नाही. मग मी तिचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, "आधी खरं बोल, मग जेव." हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, संदीपलाही नाही. ताट ओट्यावर ठेवलेलं.

ताटाकडे बघत ती म्हणाली, "हो. देतात."

तुम्ही दारातच होतात. हातात मेथीची जुडी, एक चप्पल काढलेली, एक पायातच. मला वाटलं, आता भडका उडणार. तुम्ही रेवाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मग तुम्ही मला म्हणालात, "दिलं असेल एकदोनदा. चुकलं माझं. आता पोरीला जेवायला वाढ."

का बोललात असं, अप्पा? का? एकदा झापायचं होतंत ना मला! "नंदू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" एवढं जरी म्हणाला असतात! मला राग येतो तुमचा, अजून येतो. मग वाटतं, त्या दिवशी मी तुमचं तरी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. मला गुन्हेगार हवा होता आणि तुम्ही मला तो देऊन टाकलात.

रविवारी तुम्ही शहाडला दादाकडे परत गेलात. लेकीच्या घरून असे, पिशवी घेऊन, मान खाली घालून. आणि मी काय केलं? सगळ्यांना सांगितलं. दादाला, वहिनीला, मावशीला, शेजारच्या काकूंनासुद्धा. "म्हाताऱ्या माणसांना पथ्य कळतच नाही हो!"

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. तुम्ही घरात नाही, पाळणाघरातल्या बाईंना सगळं समजावलेलं, आणि आकडा तेवढाच! त्या क्षणी मला कळायला हवं होतं. कळलंही होतं, खरं सांगते. पण कळणं वेगळं आणि फोन उचलून "अप्पा, माझं चुकलं" म्हणणं वेगळं. फोन तुम्हीच केलात. "किती आला गं आकडा?" मी म्हटलं, "तेवढाच." तुम्ही म्हणालात, "मग आता घरातच शोध, बाळा. डबेन्‌डबे उघडून बघ." मला तो टोमणा वाटला! मी फणकाऱ्याने "बघते" म्हणून फोन ठेवला. तीन आठवड्यांनी दुपारी झोपलात ते उठलाच नाहीत.

डबे उघडायला मला आणखी सहा महिने लागले. ठाण्यात एक नव्या आहारतज्ज्ञ बाई मिळाल्या, त्यांनी हुकूमच सोडला. स्वयंपाकघरात आहे नाही ते सगळं पाकिटासकट घेऊन या. हिंग मी वर्षानुवर्षं पाकीट फोडून स्टीलच्या डबीत ओतते, म्हणून नेमक्या त्याचंच नवं पाकीट वाटेत विकत घेतलं. बाईंनी ते उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. "हे वाचलंत?" बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ.

"हिंग नुसता फार उग्र असतो," त्या म्हणाल्या, "म्हणून पिठात मिसळून विकतात. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो शोधावा लागतो. तुम्ही कशाकशात घालता?"

"फोडणीत. वरणाला, भाजीला. आणि ताकात, तिचं पोट दुखलं की."

"पोट किती वेळा दुखतं?"

"आठवड्यातून तीन-चारदा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हेच एकमेव कारण असेल असं नाही म्हणत मी. पण हे आधी बंद करा."

कळलं ना, अप्पा? कोमट ताक, चिमूटभर हिंग, जरासं मीठ. आई मला द्यायची तसंच. दुखलं की हिंग, फुगलं की हिंग. त्यातली पहिली चिमूट पोट दुखवायची आणि दुसरी मी औषध म्हणून पाजायची. माझ्या हाताने, वाटी ओठांना लावून, "गटागट पी बघू" म्हणत! मी, जी कंपनीत दिवसभर औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासते. स्वल्पविराम चुकला तर अख्खी गड्डी परत पाठवते मी.

आणि मला तो दिवस आठवला. तुम्ही इथे येऊन महिनाच झाला होता. ओट्याशी उभे राहून तुम्ही हिंगाची डबी नाकाशी नेलीत, चिमूट बोटांत चोळलीत आणि म्हणालात, "नंदू, यात हिंग आहे कुठे? पीठच आहे सगळं." मी म्हटलं, "झालं! आता हिंगालाही नावं ठेवा." तुम्ही हसून डबी जागेवर ठेवलीत. तुम्हाला वाटलं कंपनीवाले लबाड, मला वाटलं म्हातारा किरकिरा. कसलं पीठ, एवढं मात्र दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

त्या दिवशी बाईंकडून परतताना रिक्षात रेवा म्हणाली, "आई, मग आता मी खरं सांगू?" मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "अप्पांनी कधीच नाही दिलं. मी खोटं बोललेली. मला भूक लागलेली ना." मग जरा वेळाने, "मी त्यांना सॉरी पण म्हटलेलं. ते बोलले, असू दे, तू जेवलीस ना?"

तुम्हाला वाटेल, मी तिला जवळ घेतलं असेल. मी म्हटलं, "नंतर बोलू." आणि ते नंतर सहा महिने आलंच नाही. मी स्वतःला सांगत राहिले, हिंग बंद केलाय, पण आकडा खाली आला तरच खात्री होईल, रिपोर्ट येऊ दे, मग सगळ्यांना सांगू. सोयीचं होतं ते.

रिपोर्ट गुरुवारी आला, अप्पा. आकडा खाली आलाय! जवळजवळ जिथे असायला हवा तिथे. शाळेचा स्कर्ट गुडघ्याच्या वर गेलाय, पोटदुखी नाही, ताक नुसतंच पिते. डॉक्टर म्हणाले, "आता ही वाढेल." फोन करायला एकच माणूस आठवला मला आणि तो नंबर लावता येत नव्हता. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, तरी मी दादाला फोन केला नाही. आणि आज वहिनीचा विनोद, आणि माझं हसू.

मी गॅलरीत गेले. रेवा पाठ फिरवून उभी होती. "तू हसलीस," ती म्हणाली. मी हो म्हटलं. "का?" मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "उद्या मी सांगणार आहे सगळ्यांना. तू नाही बोललीस तरी मी बोलणार. अप्पा चोर नव्हते." मागे हटत नव्हती. तुमचीच नात!

म्हणून आता शब्द देते. उद्या पानं वाढायच्या आधी, सगळे बसलेले असतील तेव्हा, मी उभी राहून बोलेन. हिंगाचं सांगेन. ताटाचं सांगेन, ओट्यावर ठेवलेल्या. तुम्ही उंबऱ्यात काय कबूल केलंत आणि कोणासाठी, ते सांगेन. ती खोटं बोलली असं कोणी म्हणणार नाही, कारण मी ते तिच्याकडून वदवून घेतलं, उपाशी ठेवून. पोरीला कोणी खोटारडी म्हणू नये म्हणून तुम्ही चोर झालात ना? मग ते एवढं तरी मी वाया जाऊ देणार नाही. वहिनी रडेल, दादा चिडेल. चिडू दे.

आत्ता उद्याची पिशवी भरत होते. घरघंटीवरचं ज्वारीचं पीठ, तांदळाच्या पिठातल्या हिंगाची डबी, रेवाचा तवा. ती आली आणि शेजारी बसली. म्हणाली, "अप्पांच्या पानात त्यांच्या आवडीचं ठेवतात ना? मग चहा आणि बिस्किटं ठेवूया. दोन." मी हातातली डबी खाली ठेवली. तिला वाटलं, मी नाही म्हणणार. "आई, मी हात नाही लावणार. देवाशप्पथ."

"शपथ कशाला?" मी म्हटलं. "मला माहितीये."

संदीप बिस्किटं आणायला खाली गेलाय.

तुमची,
नंदू