ब्रशाच्या पोटातलं पाणी

ठमे,

तुझी मीटिंग चालू आहे आणि दार बंद आहे, म्हणून लिहून ठेवतोय. मी तळ्याकाठी चित्र काढत बसतो, तिथे पाण्याला तोटा नाही. जेवण झाकून ठेवलंय. उभ्या उभ्या गार खाऊ नकोस.

तू आणलेला तो पोटात पाणी भरायचा ब्रश या चिठ्ठीशेजारीच ठेवलाय. ब्रश झकास आहे, त्यात वाद नाही. दांडा जरा दाबला की टोकाशी पाणी येतं, फडक्याला पुसला की पुन्हा स्वच्छ. पेला नको, सांडलवंड नको, चुकून चहात ब्रश बुडवायची भीती नको. अख्खं चित्र होतं तरी खुर्चीवरून उठावं लागत नाही. कुणाला हाकही मारावी लागत नाही.

इथेच तर घोडं पेंड खातंय.

आधी पाणी गढूळ झालं की मी ओरडायचो. तू कुरकुरत यायचीस, पेला बदलायचीस आणि जाता जाता, "बाबा, आभाळ फारच निळं झालंय हं," असं काहीतरी सुनावून जायचीस. हा ब्रश आल्यापासून माझं आभाळ कसं झालंय, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा जुना ब्रश आणि काचेचा पेला मी परत बाहेर काढलाय. तुझ्या कामात लुडबुड करणार नाही, मीटिंग संपेपर्यंत तळ्याच्या पाण्यावर भागवीन. पण आधीच सांगून ठेवतो, माझं पाणी फार लवकर गढूळ होतं.

बाबा