मध्यरेषेपासून माझ्या बाजूची जागा

मी, त्साय श्यू-ल्वान, कै. वेंग थिएन-लू यांची पत्नी, वय शहात्तर, धंदा ताडपत्री शिवणे, राहणार जुनी गिरणी गल्ली, नान-छी, तैवान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा थोरला भाऊ समोरच्याच घरात राहतो आणि नंतर काहीही म्हणू शकतो. मला कोणी धाक घातलेला नाही, गळही घातलेली नाही. स्वतः लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे माझ्या घराचे वास्तुविशारद ये छी-वेन सांगतात. तरी मी तीन घेणार आहे. या गल्लीत एकाच्या सहीने आजवर कोणतेही काम झालेले नाही.

कलम एक. माझे दुमजली घर, खालच्या दुकानासह, माझी एकुलती एक मुलगी वेंग यू-थिंग हिला मिळावे. तिने ते विकू नये असे मी लिहिणार नाही, कारण ती विकेलच. पण विकण्यापूर्वी हे घर उभे कसे राहिले ते तिने एकदा वाचावे. फोनवर सांगायला लागले की ती म्हणते, "आई, ते मला माहीत आहे." तिला त्यातले निम्मेही माहीत नाही.

जागा माझ्या वडिलांची. मधून गल्ली सोडून त्यांनी एक बाजू दादाला, म्हणजे त्साय खुन-शानला दिली आणि दुसरी मला. मुलीला जमीन दिली म्हणून लोकांनी तोंडे वाकडी केली, पण दादा तेव्हा एक शब्द बोलला नाही. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते, कारण पुढे त्याच्या बाजूने लिहिण्यासारखे फार थोडे आहे.

दादाचा मुलगा मिंग-तो याचे लग्न ठरले, तेव्हा दादाने घरापुढे एक खोली काढली. लाकडाच्या गिरणीत जन्म गेलेला माणूस. रविवारी रविवारी स्वतः रंधा मारून त्याने ती उभी केली. परवानगी घेतली नाही. खोली गल्लीत पुढे आली, ट्रक आत येईनासे झाले, आणि ट्रकच्या ताडपत्र्या मी खांद्यावरून नाक्यापर्यंत वाहू लागले. मी गप्प बसले, घरचे लग्न होते. मिंग-तो आणि सून वर्षभरात कॅनडाला गेली. खोलीला कुलूप लागले. आत पलंग तसाच, गादीवरचे प्लास्टिकसुद्धा काढलेले नाही.

पुढे भूकंप झाला. माझी दर्शनी भिंत गल्लीकडे कलली. तपासणीसाला घर धोकादायक वाटले. तो दारावर पिवळा कागद चिकटवून गेला. मी भिंतीला लाकडी टेकू दिले, ते गल्लीत उभे राहिले, आणि ये यांना नवीन घराचा नकाशा काढायला सांगितले. मला वाटले, पडायला आलेले घर पाडून तिथेच पुन्हा बांधायचे, यात कोण काय विचारणार?

नियम असा निघाला: नवीन बांधायचे तर गल्ली सहा मीटर रुंद व्हायला हवी. गल्लीची मध्यरेषा धरायची आणि तिथून दोन्ही बाजूंनी, ज्याने त्याने आपली पाळी आली की, सारखे मागे सरायचे. नियम वाईट नाही. पण मध्य कुठला? दादा म्हणाला, आज जी गल्ली दिसते तिचा. म्हणजे त्याची खोली धरून. मग मी दुकानाच्या निम्म्यापर्यंत मागे जायचे. मी म्हटले, खोली नव्हती तेव्हाच्या गल्लीचा. तसे धरले तर खोली रस्त्यात येते, आणि विनापरवाना म्हणून ती पाडावी लागते. दादाने लेखी हरकत घेतली आणि माझा नकाशा परत आला.

परवानगीच्या खिडकीवर मी किती वेळा गेले हे सांगत बसत नाही. तिथली मुलगी नम्र होती, हेच अवघड. ती म्हणाली, "आजी, रेषा आम्ही ठरवत नाही. रेषा असतेच. ती कुठे आहे एवढंच आम्ही सांगतो."

मी म्हटले, "मग सांग की."

"वाद चालू असेल तर सांगता येत नाही."

वाद मिटव म्हणून त्यांनी मला मध्यस्थी समितीकडे पाठवले. मध्यस्थीला जायचे तर आधी अधिकृत मोजणी हवी होती. मोजणीवाले आले आणि समोरच्या मालकाची संमती मागू लागले. समोरचा मालक खिडकीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. त्याने वर पाहिलेसुद्धा नाही. मग खिडकीवरची मुलगी बदलून गेली आणि तिच्या जागी आलेल्या गृहस्थाने सगळे कागद नव्या नमुन्यात मागितले. ये यांनी माझे घर इतक्यांदा पुन्हा काढले की माझा जिना कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात राहिला. मी टेकूंच्या मागे बसून शिवत होते. पाऊस आला की भिंतीतून पाणी यंत्रावर येई, आणि ट्रकांसाठी शिवलेली ताडपत्री मी माझ्याच डोक्यावर बांधी.

शेवटी मोजणीशिवायच समितीपुढे बसलो. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी चहा दिला आणि भावंडांनी कसे वागावे ते सांगितले. आम्हा दोघांनाही ते आधीपासून माहीत होते. मी दादाला सरळ विचारले, "दादा, त्या खोलीत राहतं कोण?"

तो म्हणाला, "राहतं कोण ते नको विचारूस. बांधली कुणासाठी ते विचार."

"बरं, कुणासाठी?"

त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला. चहा तसाच राहिला. अध्यक्षांनी 'समेट झाला नाही' असे लिहून माझी सही घेतली.

त्यानंतर आम्ही बोलणे सोडले. आडनाव एक, गल्ली एक, भाजीवालासुद्धा एक, पण बोलणे नाही. वसंतात थडगी साफ करायचा दिवस येतो, तेव्हा तो माझ्याआधी डोंगरावर जाई. मी पोहोचेपर्यंत आई-बाबांच्या थडग्यावरचे गवत अर्धे कापलेले असे. बरोबर अर्धे, मधोमध दोरी लावून. तिथे मात्र मध्य कुठला हे त्याला कळत होते.

कलम दोन. म्हणून माझ्या बँकेतल्या शिलकीतून दरवर्षी ते गवत काढण्याचा खर्च आधी बाजूला काढावा. संपूर्ण थडग्याचे, अर्ध्याचे नव्हे. उरेल ते यू-थिंगचे.

कलम तीन. ताडपत्री शिवायचे मोठे यंत्र, कड्या ठोकायचे हत्यार आणि माझ्या दोन्ही कात्र्या पूर्व बाजारातल्या फान ली-चुला द्याव्यात. ती दुकानांवरची कापडी छते शिवते आणि टाका घट्ट घालते. कॉफीच्या दुकानवाले जुन्या यंत्रांवर काच बसवून टेबले करतात. त्यांच्यापैकी कोणी आला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. कोपऱ्यातली हिरवी ताडपत्री मात्र ली-चुने घेऊ नये. ती दादाच्या घरी जाईल. कारण असे.

दादाला झटका आला तो उन्हाळ्यात, भरदुपारी. आ-श्यांग वहिनी माझ्या नावाने हाका मारत बाहेर आली. इतक्या वर्षांत तिने माझे नाव मोठ्याने घेतले नव्हते. रुग्णवाहिका नाक्यावर आली आणि तिथेच थांबली. माणसे स्ट्रेचर घेऊन धावली, पण एका बाजूला त्याची खोली, दुसऱ्या बाजूला माझे टेकू. दाराशी स्ट्रेचर वळेना. उभे करावे तर माणूस घसरतो. मी दुकानातली हिरवी ताडपत्री आणून अंथरली, तिच्यावर त्याला घेतले, आणि कोपरे धरून आम्ही त्याला एका रांगेत बाहेर काढले. तो शुद्धीत होता. डोळे माझ्यावर होते. तोंड वाकडे झाले होते, तरी मला कळत होते की तो माझ्या टेकूंना शिव्या देतोय.

जगला. उजवी बाजू गेली, बोलणे जड झाले. इस्पितळातून चाकाच्या खुर्चीवर घरी आणला, तर खुर्ची तिथेच अडकली, खोली आणि टेकू यांच्यामध्ये. सगळी गल्ली बघत होती.

"तुझे... खांब काढ," तो म्हणाला. सहा वर्षांतले पहिले शब्द.

मी म्हटले, "तुझी खोली काढ."

"आधी... खांब."

"खांब काढले तर भिंत तुझ्याच डोक्यावर पडेल, दादा."

"पडू... दे."

माझ्या अंगाची लाही झाली. माणूस मरता मरता वाचलाय आणि अजून इंच सोडत नाही. मी आणखी बोलणार होते, पण वहिनी आत जाऊन किल्ली घेऊन आली. तिने कुलूप काढले, दोन्ही दारे उघडली आणि त्या पलंगाशी जाऊन गादीवरचे प्लास्टिक टराटरा फाडले. आयुष्यभर ती आम्हा त्सायांच्या भांडणात चहा करत आली. त्या दिवशी ती चढ्या आवाजात बोललीही नाही.

"मिंग-तो येणार नाही," ती म्हणाली. "मला माहीत आहे, यांना माहीत आहे, वन्सं, तुम्हालाही माहीत आहे. पलंग आत घेऊ. यांना आता खालीच झोपायचंय. खोली उद्या उतरवायला सांगते."

दादा रडला. झटक्यानंतर माणसे उगीच रडतात असे डॉक्टर म्हणतात. मी तसे समजत नाही.

खोली उतरली. पण दादा दादाच. मोजणीवाले पुन्हा आले, तेव्हा रेषा माझ्याकडे वीतभर सरकावी, नाहीतर अंगठा देणार नाही, म्हणून तो हटून बसला. ये माझ्या कानात म्हणाले, "बाई, वीतभर द्या आणि मोकळ्या व्हा." मी दिली. मनापासून दिलेली नाही, आणि ते इथे स्पष्ट लिहीत आहे. त्या वीतभरामुळे नव्या घरात माझे यंत्र खिडकीपाशी मावले नाही; आता दिवसाही दिवा लावून शिवते. नकाशा मंजूर झाला, त्यावर शिक्का बसला. घर बांधून झाले, तेव्हा माझे डोळे सुई ओवायलाही चालेनासे झाले होते.

आज गल्ली माझ्या बाजूने रुंद आहे. कचऱ्याची गाडी गाणे वाजवत आतपर्यंत येते. दादाच्या बाजूला घर जुनेच आहे, पण खोलीची जागा मोकळी आहे.

कलम चार. माझ्या दारापुढची, मी मागे सरून सोडलेली पट्टी कागदोपत्री अजून माझ्याच नावावर आहे. ती यू-थिंगकडे जाईल, पण तिने किंवा पुढच्या कोणत्याही मालकाने तिच्यावर स्कूटर, वाळवणाचे बांबू किंवा पत्र्याचा आडोसा लावू नये. नगरपालिकेने रस्त्यासाठी मागितली तर देऊन टाकावी. तिच्यावरून खुर्ची वळते. आणखी काही व्हायला नको. आणि मामाने समोर कुंड्या मांडायला सुरुवात केली आहे. एक झाली, दोन झाल्या. यू-थिंग, तू आलीस की त्या मोज आणि मामाला मोठ्याने सांग. हळू सांगितले तर ऐकू आले नाही म्हणतो.

कलम पाच. ये यांना माझ्याकडून काही देणे नाही, पण माझे नाकारले गेलेले सगळे नकाशे माझ्याबरोबर जाळावेत. वर जर कोणी रेषेविषयी विचारले, तर दाखवायला हवेत.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि यात नंतर कोणी काही घुसवल्यास ते खोटे समजावे.

नान-छी, जुनी गिरणी गल्ली. प्रजासत्ताक वर्ष ११३ (इ.स. २०२४), अकराव्या महिन्याची नऊ तारीख.

सही: त्साय श्यू-ल्वान

साक्षीदार पहिले: ये छी-वेन, वास्तुविशारद (सही)

साक्षीदार दुसऱ्या: लू आ-श्यांग (सही)

साक्षीदार तिसरे: त्साय खुन-शान (डाव्या हाताचा अंगठा)

तिसऱ्या साक्षीदाराने अंगठा देण्यापूर्वी संपूर्ण मृत्युपत्र दोनदा वाचून घेतले आणि पुढील मजकूर त्यांच्याच शब्दांत लिहावा असा आग्रह धरला. तो मी, ये छी-वेन, लिहीत आहे:

"मध्यरेषा चुकली आहे, हे माझं म्हणणं कायम. कुंड्या दोन नाहीत, तीन आहेत. बाकी तिने लिहिलंय ते खरं. साक्षीदार म्हणून अंगठा देतो. भाऊ म्हणून माझी हरकत लिहा: ही माझ्यापेक्षा लहान आहे, हिने माझ्याआधी जायचं नाही."