दात सोडून बाकी सगळं

१ मार्च, पहाटे ५.००

ठरलं.

(हे पाचला लिहायचं होतं. आत्ता पावणेआठ झालेत. पण निर्णय पाचचाच धरायचा.)

आज एक्कावन्न पूर्ण. त्यातली बत्तीस वर्षं डेंटल लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करण्यात गेली. वडिलांनी दोन महिन्यांसाठी चिकटवलं होतं. तोवर दुसरं काही बघू, म्हणाले होते. ते बघायचं त्यांच्याकडून राहून गेलं आणि मीही आठवण केली नाही. याला म्हणतात नियती. हाडाच्या शिल्पकाराला धरून दात करायला बसवलं. आजपासून नियतीशी बोलणं बंद.

संकल्प: ३० मार्चच्या आत कलादालनाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी एक शिल्प द्यायचं. निवड झाली की नोकरीला रामराम. यापुढे दात सोडून बाकी सगळं करायचं.

बायकोला सांगितलं. ती पोस्टात काउंटरवर असते, त्यामुळे कशानेही दचकत नाही. म्हणाली, बरं, मग आज डबा न्यायचाय का?

नेला.

२ मार्च, सकाळी ७.५०

वेळापत्रक: ५ ते ८ शिल्पसाधना. गजर बरोबर पाचला झाला. ऐकला, समजला, बंद केला. घड्याळाच्या इशाऱ्यावर उठायला मी काय कारकून आहे? तत्त्व म्हणून झोपलो.

५ मार्च

परवा शाडू आणला. जेवणाच्या टेबलावर मांडला, कारण उजेड तिथेच बरा पडतो. गेले दोन दिवस आम्ही तिघं ताटं हातात धरून जेवतोय. घरात कोणाला कलेची कदर नाही.

मुलगी कॉलेजातून आली. शिल्पाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, बाबा, हा कुठल्या बाजूने बघायचा? मी म्हटलं, माणूस आहे तो. ती म्हणाली, हो का, मग पुढून.

८ मार्च

नाक पडलं. हे तिसरं.

लॅबमध्ये दिवसभर एका निवृत्त मास्तरांची कवळी. माझं लक्ष नव्हतं, डोकं नाकात होतं. तरी बोटं आपली हिरड्यांच्या कडा कोरत बसली. मालकांनी उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, अरे, तुझ्या हाताला तोड नाही. ज्या माणसाला अख्खं डोकं घडवायचंय, त्याचं कौतुक कशाचं, तर हिरड्यांचं. अपमान गिळून चहा घेतला.

१० मार्च, दुपार

राजीनामा दिला!

निवडीची वाट कशाला बघायची? परतीचे दोर कापल्याशिवाय हातून काही मोठं होत नाही. पत्र कडक लिहिलं होतं: "काळ कोणासाठी थांबत नाही, मीही थांबणार नाही. दिनांक ३१ मार्चपासून मला मुक्त समजावे." मालक डबा खात होते. डाव्या हाताने पत्र घेऊन शेवटपर्यंत वाचलं. मग पंख्याने उडू नये म्हणून प्लास्टरच्या डब्याखाली ठेवलं आणि विचारलं, मंगळवारची वरची कवळी झाली का?

म्हटलं, झाली.

म्हणाले, शाब्बास.

हादरलेत. दाखवत नाहीत.

१२ मार्च

शाडू हे माझं माध्यम नाही. फार हळू चालतं. आधीच बत्तीस वर्षं वाया गेलीत.

नवी योजना: चेहऱ्याचा थेट साचा काढायचा. माप घ्यायची आमची एक पावडर असते. पाण्यात कालवली की तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. ती चेहऱ्यावर थापायची, सोलून काढायची, आत प्लास्टर ओतायचं. झालं शिल्प. जबड्यांची मापं मी झोपेतही हाताळतो, आणि चेहरा म्हणजे काय, जबड्याचाच थोडा विस्तार.

बायकोला मॉडेल हो म्हटलं. म्हणाली, आधी न्हाणीघरातल्या बादलीचं प्लास्टर काढा, मग माझ्या तोंडाला लावा.

तिचे थोरले बंधू मात्र एका फोनवर तयार झाले. आमचे मेहुणे गाडी शिकवण्याचा क्लास चालवतात. आपला पुतळा व्हावा असं त्यांना आधीपासूनच वाटत होतं म्हणे.

१५ मार्च

साचा काढला. सविस्तर नोंद आवश्यक.

मेहुण्यांना आडवं केलं. नाकपुड्यांत स्ट्रॉ घातल्या. तोंडभर व्हॅसलिन चोपडलं. मसाला थापला. तीन मिनिटं थांबायचं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मेहुण्यांना मध्ये बोलता येत नव्हतं. ही संधी परत येणार नाही हे ओळखून मी काळ, नियती आणि माणसाची जिद्द यांवर माझे विचार मांडले. तिनाची बारा मिनिटं झाली. ऐकताना त्यांचा उजवा पाय अधूनमधून जमिनीवर दाबला जात होता. क्लासच्या गाडीत ब्रेक त्यांच्या पायाखाली असतो, त्याची सवय.

मग साचा सोलला. मिशीला व्हॅसलिन लावायचं राहिलं होतं.

अर्धी मिशी साच्यात आली. डावी.

मेहुणे रुमाल धरून घरी गेले. बायको स्वयंपाकघरात जाऊन हसून आली, मग परत जाऊन हसून आली. मी माणुसकी म्हणून मेहुण्यांची समजूत काढायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी जेवूनच जा म्हटलं. जेवलो. जेवल्यावर तिथेच जरा आडवा झालो.

१७ मार्च

साचा टेबलावरच राहिला होता. दोन दिवस, उघडा.

या मसाल्याचं एक आहे. अर्ध्या तासात प्लास्टर ओतलं नाही तर तो वाळून आकसतो. ही गोष्ट मला ठाऊक नाही असं कोणी म्हणू नये. उशिरा पाठवलेलं माप म्हणजे कचरा, हे मी बत्तीस वर्षं एकेका डॉक्टरला फोनवर सुनावत आलोय. एकदोघांनी त्यावरून लॅब बदलली.

तरी ओतलं. मेहुण्यांचा चेहरा एकूणच आटलाय. गाल ओढल्यासारखे, एक डोळा दुसऱ्याच्या जवळ सरकलाय. रुंदीला साधारण मोठ्या पेरूएवढा.

सुरुवातीला वाईट वाटलं. मग प्रकाश पडला. मी एका माणसाचा चेहरा काढायला गेलो आणि वेळेने स्वतः हात घालून तो आवळला. हे ठरवून कोणाला जमेल? शिल्पाचं नाव: "काळाने आवळलेला माणूस". नियती माझ्याविरुद्ध डाव टाकते आणि मी तिलाच मदतनीस म्हणून वापरतो.

२१ मार्च, पहाटे ५.००

(खरोखर पाच.)

साच्यात ओठ पुसट आले होते, म्हणून तोंड उघडं केलं. आता उघड्या तोंडात काहीतरी हवं. दात हवेत.

दात करायचे नाहीत असा संकल्प आहे. पण ते माणसाचे दात. हे शिल्पाचे. नियम मोडत नाही.

गजर न लावता जाग आली. मेणात बसवायला घेतले आणि एकदम साडेनऊच झाले. मध्ये चहा नाही, काही नाही. बायको पोस्टात गेली तेही कळलं नाही. मेहुण्यांचा वरचा सुळा किंचित वळलेला आहे, पुढच्या दाताचा कोपरा उडालाय, खालचे दोन एकमेकांवर चढलेत. कोणाला विचारावं लागलं नाही. फक्त आकार पूर्ण झालाय, माणसाएवढा. चेहऱ्याच्या मापाने लहान करून बघितले, हाताने ऐकलं नाही.

आज वेळ कुठे गेला यावर विचार करायला हवा. सवडीने.

२२ मार्च

कुटुंबीयांसाठी खास प्रदर्शन.

मुलगी म्हणाली, मामाने कोणाचे तरी दात उसने घातलेत. बायकोने चष्मा पुसून परत लावला. मेहुणे (उरलेली मिशीही काढली आहे) बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग आपल्या उडालेल्या कोपऱ्यावरून जीभ फिरवली आणि म्हणाले, दात माझेच आहेत हो, पण हा गृहस्थ कोण?

सामान्य प्रेक्षक.

३० मार्च

शिल्प जमा केलं. अर्जात एक रकाना होता, "यापूर्वीची कामे". लिहिलं: "सुमारे नऊ हजार. सर्व खाजगी संग्रहात." खिडकीतल्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अशी नजर माझ्या वाट्याला प्रथमच आली.

३१ मार्च

मुक्तीचा दिवस. निरोप घ्यायला लॅबमध्ये गेलो. निरोप घेता घेता दोन कवळ्या आणि एक ब्रिज झाला. सहाला निघालो. मालक म्हणाले, उद्या जरा लवकर ये.

निकाल यायचाय, म्हणून उद्या जाईन. तेवढ्यापुरतंच.

६ एप्रिल

"आपली कलाकृती निवडण्यात आलेली नाही. सात दिवसांत घेऊन जावी."

दोन ओळी. दुसरी तर हमालाला लिहिल्यासारखी.

त्यांना झेपलं नाही. निवड समितीत सगळी वयस्कर मंडळी, वेळेने आवळलेला माणूस समोर आल्यावर घाबरणारच. मी खचलेलो नाही. राजीनामा मागे घेतलेला नाही, हे इथे ठासून लिहितो. फक्त लागू व्हायची तारीख पुढे ढकलली आहे.

बायकोने टेबल पुसलं. बसून जेवलो. जेवण गेलं नाही.

८ एप्रिल

शिल्प आणायला गेलो. चार शब्द सुनावायचे म्हणून पाठ करून गेलो होतो.

गोदामात नाकारलेली शिल्पं ओळीने ठेवली होती, आणि माझ्या शिल्पासमोर स्टूल टाकून समितीच्या अध्यक्ष स्वतः बसल्या होत्या. मोठ्या शिल्पकार. चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. वय ऐंशीच्या घरात. बोलताना तोंडावर हात धरतात.

बाई म्हणाल्या, चेहरा वाईट आहे. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, फार वाईट आहे. मग विचारलं, हे दात कुठे मिळाले?

म्हटलं, मिळाले नाहीत, केलेत.

बाईंनी दार लावून घेतलं. तोंडावरचा हात काढला. त्यांची खालची कवळी बोलताना उठते. चार वर्षं झाली, त्या कुठल्याही समारंभात बोललेल्या नाहीत, भाषण लिहून पाठवतात आणि दुसरं कोणी वाचतं. लोकांना वाटतं, बाईंना गर्व झाला. वीस तारखेला प्रदर्शनाचं उद्घाटन आहे आणि त्यांना स्वतः बोलायचंय. बहुधा शेवटचंच, असंही म्हणाल्या. कवळी आहे हे त्यांच्या मुलालाही माहीत नाही. मला शपथ घातली: कोणाला नाही. बायकोलाही नाही.

शपथेची गरज नव्हती. कोणाच्या तोंडात काय आहे हे बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

मी आता दात करत नाही, असं बाणेदारपणे सांगणार होतो. वाक्य तयार होतं. पण तोंडातून गेलं, उद्या दहाला आमच्या डॉक्टरांकडे या.

१७ एप्रिल

पाच ट्रायल झाल्या. लोक एका ट्रायलला आरसा बघून हो म्हणतात. या बाई मेणातच बोट घालतात. अर्ध्या मिलिमीटरवरून आम्ही तासभर भांडलो. त्यांना पुढचा एक दात वाकडा हवा, मी म्हणे जीभ लागेल. त्या म्हणाल्या, तुम्हाला रेष दिसत नाही. मी म्हटलं, तुम्हाला जीभ दिसत नाही. डॉक्टर बाहेर जाऊन उभे राहिले.

बत्तीस वर्षांत माझ्या कामावर कोणी असं भांडलं नव्हतं. रात्री पडल्या पडल्या झोप लागली.

दात वाकडाच बसवला. बाईंचं बरोबर होतं. जिभेचं माझं बरोबर होतं, म्हणून आतून घासून दिला. आज त्या आरशात खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हं.

२० एप्रिल, संध्याकाळ

उद्घाटन. सगळं घर आणि मेहुणे मिळून गेलो होतो.

बाई बोलल्या. वीस मिनिटं, कागदाशिवाय. हात तोंडाकडे एकदाही गेला नाही. मध्ये स्वतःच्याच एका गोष्टीवर मोठ्याने हसल्या, तोंड पूर्ण उघडून. सभागृह त्यांच्याकडे बघत होतं, मी खालच्या ओळीकडे. जागची हलली नाही. त्या हॉलमध्ये छत्तीस शिल्पं होती. मला माझंच तेवढं दिसत होतं.

शेजारच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवता वाजवता विचारलं, तुमचं काही आहे का इथे?

मागच्या रांगेतून मेहुण्यांनीच उत्तर दिलं, यांचं नापास झालं हो, तोंड माझंच होतं.

गृहस्थ चांगले होते. पुढच्या वर्षी होईल, म्हणाले.

मी बोलणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. व्यासपीठावरून बाई या बाजूला बघत होत्या, बहुधा सगळ्यांकडेच बघत असतील. म्हटलं, नाही, माझं इथे काही नाही.

बाहेर आल्यावर डोळे भरून आले. आनंद झाला होता, साधा सरळ आनंद, आणि सांगायला कोणी नाही. बायकोने पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं. म्हटलं, निवड झाली नाही त्याचं वाईट वाटतंय.

तिने रस्त्यातच माझा हात धरला. म्हणाली, अहो, मनाला लावून घेऊ नका, नसतं एखाद्याच्या नशिबात.

मी हो म्हटलं.