अ बाटली, ब बाटली आणि माझी दाढ

३ जून, सकाळ.
ठरलं. दात किडवणाऱ्या जंतूंचा निकाल मीच लावणार. लॅबमध्ये आम्ही एक विषाणू सांभाळलाय. तो माणसाच्या वाटेला जात नाही, या जंतूंनाच फोडतो. त्याचं फोडायचं हत्यार, म्हणजे एन्झाइम, तेवढं काढून घेऊन जेल केलंय. आधी लावायचं कोणाला? मलाच. उजवीकडची दाढ नाहीतरी किडलीच आहे.

४ जून.
बायको दातांची डॉक्टर. म्हणाली, आधी दाढ भरून घे, मग घाल काय ते प्रयोग. दात किडायचेच थांबले तर हिच्या दवाखान्यात कोण येणार? समजू शकतो मी.

५ जून.
एका बाटलीत एन्झाइम, दुसरीत नुसतं जेल. अ आणि ब. एक मला, एक मेहुण्याला. कोणती कशाची, हे फक्त बायकोला माहीत. तिला बजावलं, आभाळ कोसळलं तरी कोणाला सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. तसं मीच लिहून तिला सही करून दिली. चिठ्ठी उचलली. अ.

१२ जून.
अ म्हणजे एन्झाइमच. जिभेला कळतं, बारीक चुरचुर होते. मेहुण्याला काहीच जाणवत नाही म्हणे. बिचारा.

१९ जून.
दाढ ठणकतेय. जंतू मरताना गोंधळ घालणारच. बायको म्हणाली, एन्झाइम असो नसो, पडलेलं भोक त्यानं बुजत नाही. हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे आहेच.

२६ जून.
गाल सुजला. डाव्या बाजूनं जेवतो. बायकोनं आज तीनदा विचारलं, थांबवूया का हे. मी म्हटलं, माझ्या यशाचा तुला त्रास होतोय. ताट तसंच ठेवून उठली.

३ जुलै, दुपार.
रिझल्ट. लाळेतले जंतू मोजले. मेहुण्याचे नव्वद टक्के कमी. दिवसभर पेपरमिंट चघळणारा माणूस. माझे होते त्यापेक्षा जास्त. सगळ्या लॅबसमोर बायकोनं बंद पाकिटात दिलेला कागद उघडला. अ: नुसतं जेल.

संध्याकाळ.
घरी येऊन सुनावलं. चार आठवडे तुझ्यासमोर गाल धरून बसलो आणि तू अवाक्षर काढलं नाहीस. भाऊ तो सख्खा, मी परका. दगा दिलास.
भांडेल असं वाटलं होतं. रडली. म्हणाली, रोज ओठांवर यायचं, रोज गिळायचे. सांगितलं असतं तर प्रयोग बुडवला म्हणून जन्मभर ऐकवलं असतंस. चिठ्ठी तूच उचललीस.
मी ती चिठ्ठी शोधून काढली. अ.

४ जुलै.
माझा शोध खरा ठरला. पुरावा मेहुण्याच्या तोंडात आहे.
बायकोच्या दवाखान्यात गेलो. दाढ वाचणार नाही म्हणाली, काढावी लागेल. इंजेक्शन फार जपून दिलं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण तोवर अर्धं तोंड बधिर झालं होतं आणि ती म्हणाली, बोलू नकोस, आ कर.