पाचव्या अल्बमपासून हरवलेल्या झांजा

आदरणीय साडूभाऊ,

नमस्कार. तुम्ही खुशाल असणारच. तुम्हाला साधी शिंक आली तरी ताई माझ्या बायकोला फोन करतात आणि माझी बायको ती शिंक जेवताना मला वाढते. या मार्गाने तुमचा गुडघा, तुमची ॲसिडिटी आणि तुमचा गळका गिझर या तिघांचीही हालहवाल मला वेळच्या वेळी मिळत असते. आम्हीही ठीक. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. प्रकृती उत्तम, आवाज त्याहून उत्तम. ताईंना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद (हल्ली मुलं आशीर्वाद घेत असतील तर). फोनच केला असता, पण मागे केला तेव्हा आपण दोघांनी एकमेकांना 'हॅलो' म्हणून लगेच आपापल्या बायकांच्या हातात फोन दिला होता. पत्रात ती सोय नाही. पत्र ज्याच्या नावावर येतं त्यालाच वाचावं लागतं.

आपलं का बिनसलं हे तुम्ही विसरला असाल असं मी म्हणत नाही. तुम्ही विसरणाऱ्यांतले नाही. तरी गाऱ्हाणं मांडायचं तर पहिल्यापासून मांडावं. माझ्या लग्नात तुम्ही थोरले जावई म्हणून सुटाबुटात मिरवत होता आणि मी बोहल्यावर घामाघूम झालो होतो. फोटोसाठी तुम्ही शेजारी उभे राहिलात, उकडतंय म्हणून शर्टाचं वरचं बटण काढलंत, आणि आत मला बँडचा काळा टी-शर्ट दिसला. आपला बँड! ज्याचा आवाज आमच्या घरी भांडी पडल्यासारखा समजला जायचा, त्या बँडचा माणूस माझ्या सासरी निघाला. बायको चांगली मिळाली हे मला पुढे सावकाश कळलं. साडू चांगला मिळाला हे तिथेच कळलं. पुढची वर्षं आपण दोघं सासुरवाडीच्या गच्चीवर एकाच वायरीची एकेक टोकं कानात घालून बसलो. सासरे म्हणायचे, जावयांचं फार पटतं. बिचाऱ्यांना कारण माहीत नव्हतं.

मग पाचवा अल्बम आला आणि त्यात व्हायोलिनं आली. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला, ऐन केक कापायच्या वेळी, तुम्ही जाहीर केलंत की बँड संपला. मी म्हटलं, व्हायोलिनं जरा जास्त आहेत, मान्य, पण माणसं पन्नाशीला आली, बदलणारच. तुम्ही म्हणालात, बदलली नाहीत, मेली. आणि पुरावा म्हणजे ड्रमच्या झांजा. पूर्वी कशा काच फुटल्यासारख्या वाजायच्या, आता रजईखाली वाजवल्यासारख्या वाटतात. मला तेव्हा त्या स्पष्ट ऐकू येत होत्या, तसं मी सांगितलं. त्यावर तुम्ही हातात केकची बशी घेऊन, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, "तुम्हाला कान नाहीत." साडूभाऊ, माझं कानाच्या मशीनचं दुकान आहे. पाहुण्यांतली दोन माणसं माझी गिऱ्हाइकं होती. त्यांतल्या एकाने 'काय म्हणाले?' असं विचारलं आणि दुसऱ्याने त्याला ते मोठ्याने सांगितलं.

तेव्हापासून आपण मोजकं बोलतो. सासरे गेले तेव्हा एकाच गाडीत मागे शेजारी शेजारी बसून आपण दोघंही ड्रायव्हरशी बोलत होतो. असो.

तुम्ही पाचव्यानंतर ऐकणं सोडलंत. मी सोडलं नाही, आणि त्याची शिक्षा पुरेपूर भोगली. सहावा अल्बम 'मुळांकडे परत' होता, असं त्यांनीच मुलाखतीत सांगितलं. सातवा सहाव्यापेक्षाही जास्त मुळांकडे होता. आठव्यात मुळं सापडली असावीत, कारण गाणी एकदम लांबली. एकेक गाणं आमच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेएवढं, आणि तितक्याच वेळा पहिल्या मुद्द्यावर येणारं. नवव्याच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता वारा वाहतो. दहाव्यात वाऱ्याबरोबर घोडे आले. मूळचा ड्रमर पाठीमुळे गेला, त्याच्या जागी गायकाचा जावई आला (जावयाला कामाला लावायची पद्धत सगळीकडेच दिसते). मुखपृष्ठावरच्या राक्षसाला पूर्वी हाताने रंगवायचे, आता कॉम्प्युटरवर करतात, आणि तो राक्षस विमा विकायला आल्यासारखा हसतो. हे सगळं मी विकत घेतलं, ऐकलं, आणि 'हळूहळू चढतो' असं प्रत्येक वेळी म्हणालो. हळूहळू मलाही पटत गेलं की साडू बरोबर होता. झांजा खरंच गेल्या होत्या. एकेका अल्बमला आणखी आणखी गेल्या. पण हे तुम्हाला कळवायचं कोणत्या तोंडाने?

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. बाराव्या अल्बमच्या श्रवणासाठी आमचं चाहता मंडळ माझ्या घरी जमलं. मंडळात आता चारच जण उरलो आहोत. अध्यक्ष एक कर सल्लागार, ज्याला सगळे कर्कश म्हणतात, एक गुरांचे डॉक्टर, एक पडद्यांच्या कापडाचा दुकानदार, आणि मी. सगळे काळ्या टी-शर्टांत आले. ते टी-शर्ट तेच आहेत, पोटं नवीन आहेत, त्यामुळे छातीवरच्या कवट्यांचे गाल चांगले वर आलेत. पडदेवाल्याने स्वतः पडदे ओढले. मंडळाचा नियम असा की पहिलं गाणं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मी मोबाईलवरून अल्बम सुरू केला आणि खुर्चीत बसलो.

काही ऐकू येईना. मोबाईलवर रेघ पुढे सरकत होती, म्हणजे गाणं चालू होतं. मला वाटलं, वारा असेल. नवव्यात वारा होता, आता वाऱ्याच्या आधीची शांतता असेल. कर्कशने डोळे मिटले आणि मान हलवायला सुरुवात केली. गुरांच्या डॉक्टरांचा पाय ठेका धरू लागला. मी पण धरला; आपल्यालाच ऐकू येत नाही असं कोण म्हणेल, आणि तेही माझ्या धंद्यातला माणूस? पडदेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले. रेघ टोकाला पोचली तसा कर्कश म्हणाला की धाडस आहे, म्हाताऱ्यांनी शेवटी शांततेलाच वाद्य केलं. डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांच्या मते पूर्वीची शांतता जास्त जड होती; ही फार घासूनपुसून स्वच्छ केलेली वाटते. यावर दोघांचं चांगलंच जुंपलं असताना माझी बायको दारात आली आणि म्हणाली, "आई विचारतेय, तिच्या कानात कोण ओरडतंय, आणि जरा मोठं करता येईल का."

झालं होतं ते असं. सासूबाईंना मी आदल्याच आठवड्यात नवीन मशीन बसवलं होतं. हल्लीची मशीनं मोबाईलला जोडता येतात. तपासताना मी ती माझ्याच मोबाईलला जोडली आणि तोडायची विसरलो. अल्बम आमच्या स्पीकरवर न जाता थेट सासूबाईंच्या दोन्ही कानांत गेला होता, आणि त्या आतल्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालत तो ऐकत होत्या. कर्कश म्हणाला की त्याला पहिल्यापासून शंका होती. मग आम्ही अल्बम रीतसर स्पीकरवर ऐकला. पडदेवाल्याचं प्रामाणिक मत पडलं की मघाचं बरं होतं. शेवटी मतदान झालं आणि एकमताने ठराव झाला: अल्बम निराशाजनक, आवाज मातीचा, झांजा नाहीत. मी हात वर केला. तुमची आठवण काढून केला, हे इथे नमूद करतो.

प्रकरण इथेच मिटलं असतं, पण सासूबाई हेडमास्तरीण होत्या हे आपण दोघंही फार लवकर विसरतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अल्बम पुन्हा लावून मागितला. अर्धवट पेपर त्या तपासत नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाल्या की मुलं कष्टाळू आहेत, पण उत्तर पहिल्या पानावर संपलेलं असताना उगाच पुरवण्या जोडतात. एवढं मी हसून ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "आणि त्या ड्रमवाल्याला सांगा, थाळ्या किती वाजवतो. सारखं आपलं झणझण, झणझण. गाणाऱ्याचं ऐकू येत नाही."

मी विचारलं, कुठल्या थाळ्या? त्या म्हणाल्या, पितळेच्या, दुसऱ्या कुठल्या. मी पुन्हा ऐकलं. मला एकही थाळी ऐकू येईना. बायकोला ऐकवलं, तिने कानावर हात ठेवले आणि म्हणाली, "ह्याच ना?"

साडूभाऊ, दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मागच्या तपासणीच्या बंद खोलीत गेलो, आणि आयुष्यभर ज्या खुर्चीत दुसऱ्यांना बसवलं त्या खुर्चीत स्वतः बसलो. आवाज आला की बटण दाबायचं. खालचे सूर आले, मी दाबलं. मधले आले, दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिलो. बाहेर येऊन आलेख पाहिला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आणि तिथून कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली. असा आलेख मी गिऱ्हाइकाला दाखवतो तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणतो, वयाप्रमाणे होतं, काका. त्या दिवशी काका म्हणायला कोणी नव्हतं. पूर्वी आपण स्पीकरला कान लावून बसायचो, त्याचं हे फळ. झांजा बँडने सोडल्या नव्हत्या. बँड बिचारा दर अल्बमला त्या जोरजोरात बडवत होता, आणि आपण दर अल्बमला नावं ठेवत होतो.

नमुन्याची मशीनं ड्रॉवरमध्ये होतीच. लावली आणि पाचवा अल्बम सुरू केला. झांजा होत्या. काच फुटल्यासारख्या, अगदी तुम्ही म्हणायचात तशा. पहिलं गाणं मी तीनदा लावलं. (त्याचबरोबर व्हायोलिनंही सापडली. ती तुम्ही म्हणाला होतात त्याहून वाईट आहेत. ह्या मुद्द्यावर मी बिनशर्त शरण येतो.) मग बारावा लावला. त्यात शेवटून दुसरं एक लहानसं गाणं आहे. त्यात वरच्या सुराला गायकाचा आवाज फाटतो. दुसरा कोणी असता तर पुन्हा गाऊन दुरुस्त केला असता. म्हाताऱ्याने तसाच ठेवलाय, थोडा थांबलाय, आणि एक सूर खाली येऊन पुढचं गायलाय. मंडळात हे बोलायची सोय नाही, तिथे ठराव झालेला आहे. आणि हे ज्याला सांगितल्यावर कळेल असा माणूस मला एकच माहीत आहे. तो लांबच्या शहरात राहतो आणि हॅलो म्हणून फोन बायकोला देतो.

घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. भांडणाचं खरं कारणही पहिल्यांदाच सांगितलं. त्या समजत होत्या की आपलं काहीतरी जमिनीवरून फाटलं असणार. त्यांनी पाचवा अल्बम ऐकायला मागितला. खिडकीशी बसून, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मग मशीन काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी माझ्या दोन मुली एकमेकींच्या घरी राहायला गेल्या नाहीत?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा तुमच्याकडे पाठवतो आहे. तुम्हाला उत्तर सुचलं तर उलट टपाली कळवावं.

अधिक काय लिहायचं. हवा ठीक, धंदा ठीक, तुमच्या गुडघ्याला जपा. हे पत्र ताईंनी आधी फोडून वाचलं असेल तर त्यांनाही माझं म्हणणं पटलं असेल अशी आशा आहे.

आपला,
धाकटा साडू

ता. क. — मुद्द्याचं राहिलंच. बँड पुढच्या महिन्यात तुमच्या शहरात वाजवणार आहे. मी तिकिटं काढली आहेत, एक तुमचं धरून. आदल्या दिवशी आम्ही तिघं तुमच्याकडे उतरू. येताना पिशवीत तपासणीचं छोटं यंत्र आणि मशीनची एक जास्तीची जोडी आणतो. तुम्हाला झांजा माझ्या कितीतरी आधीपासून ऐकू येईनाशा झाल्या होत्या, तेव्हा तुमचा आलेख बघायची मला व्यावसायिक उत्सुकता आहे. कान आहेत की नाहीत ते एकदा कागदावर येऊ द्या.

आणखी ता. क. — सासूबाई कार्यक्रमालाही येणार आहेत. लांबलेलं गाणं आलं की त्या मशीन बंद करतात, चालू कधी करायचं ते त्यांना आपण खुणेने सांगायचं. कर्कशला यातलं काही कळवू नका. मी कानांवर केस वाढवले आहेत, आणि वरचं टक्कल बघता ते फार वाईट दिसतात, पण मंडळात त्याला निष्ठा समजतात.

शेवटचा ता. क. — तिकिटं बसायची आहेत. खुर्च्या कडेच्या, बाथरूमच्या दाराजवळच्या. आजवर आपण ह्यांना कधी बसून ऐकलेलं नाही, हे मला माहीत आहे. उभ्याची स्वस्त मिळत होती म्हणे. मी भावसुद्धा विचारला नाही.