बेचाळिसाव्या वर्षी वकिलीची पुस्तकं

खासबाग, बेळगाव
९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप परशरामअण्णा यांच्या पायांवर धाकट्या मंगलचं डोकं. (डोक्यात सध्या कायद्याची कलमं भरलेली आहेत, तेव्हा आशीर्वादाचा हात जरा हलका ठेवावा.)

इकडे सगळे खुशाल. तुमचा तंबाखूच्या वखारीतला खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? वहिनींनी ते काळं तेल लावणं बंद केलं असेल तर चांगलंच, आणि चालू असेल तर तेही चांगलंच, कारण मी आता दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत देत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मागे अर्धी गल्ली भाजी निवडत बसलेली असते. शिवाय काही गोष्टी लेखी असलेल्या बऱ्या.

तर बातमी अशी, की मी वकिलीच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरला आहे. बसा आधी, पाणी प्या. वयाची अट नाही, मी तीनदा वाचून खात्री केली आहे. बेळगावात गुणांवर प्रवेश मिळतो म्हणतात, पण माझ्या बी.ए.चे सेहेचाळीस टक्के तुम्हाला ठाऊकच आहेत. (पेढे तुम्हीच वाटले होते, टक्के कुणाला न सांगता.) म्हणून कोल्हापूरचं कॉलेज, आणि त्यासाठी ही परीक्षा. चौदा वर्षं मी कोर्टासमोरच्या टपरीत टाईप करते आहे. लोक येतात, रडतात, आपलं म्हणणं मला सांगतात, मी ते कागदावर उतरवते. मग वकील तो कागद उचलून आत जातात आणि दुपारी बाहेर येऊन मलाच विचारतात, की बाई, यात नेमकं काय म्हटलंय. अण्णा, एकदा मला आत जाऊन ते म्हणणं स्वतः उभं राहून मांडायचं आहे. फार मनापासून वाटतं तसं.

आता अभ्यास म्हटला की पुस्तक आलं, आणि पुस्तक म्हटलं की सल्ले आले. टपरीशेजारच्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी (नाव लिहीत नाही, पुढेमागे त्यांच्या विरुद्ध उभं राहायचं आहे) आपलं जुनं गाईड मला दिलं, तेही असं, की जणू मुलगीच सासरी पाठवत आहेत. आठ दिवस मी त्यातली फौजदारी कलमं पाठ केली. भाकरी थापताना केली, बसमध्ये केली, एकदा तर कुणाच्या भाडेकरारात चुकून खुनाचं कलम टाईप केलं. (भाडेकरू वाचून इतका नरमला, की घरमालकाने मला चहा पाजला.) नवव्या दिवशी आमचा ओमकार पुस्तक चाळून म्हणाला, "आई, हे सगळे नंबर बदलल्यात की गं. नवा कायदा आलाय." चौकशी केली तर खरंच. चारशेवीस आता तीनशे अठरा झाला आहे. हे मी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते उद्यमबागेतल्या कारखान्यातून थकून आलेले, जेवता जेवता थांबले आणि खऱ्या काळजीने म्हणाले, "मग आमच्या सुपरवायझरला आता काय म्हणायचं?"

माझी निराशा बघून ह्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून सामान्य ज्ञानाचं एक पुस्तक आणलं. त्याच आठवड्यात ओमकारने मित्राकडून कोल्हापूरचं दुसरं मागवलं. मी दोन्ही आलटून पालटून वाचली, तीच घोडचूक झाली. एका पुस्तकात 'आपल्या राज्याचा पक्षी' नीलपंख, दुसऱ्यात हरियाल. एकात आपल्या राज्याची राजधानी बेंगळुरू, दुसऱ्यात मुंबई. सरावाला बसले तर मी एकाच पानावर चार वेळा सीमा ओलांडून आले. ह्यांचं म्हणणं, दोन्ही पर्यायांवर खूण कर, "एवढ्या वर्षांत मोठमोठ्यास्नी ठरवता आलं न्हाय, तू एका मिनिटात काय ठरवणार?" मग ज्या त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून एकावर बेळगावचा कुंदा आणि दुसऱ्यावर कोल्हापूरची चप्पल असं चित्र काढलं. आता चूक होत नाही, फक्त वाचताना भूक लागते.

यानंतर ओमकारने माझ्या मोबाईलवर अ‍ॅप टाकलं. त्यात नाव आणि नंबर भरला मात्र, दिल्लीकडून एका मुलीचा फोन. आवाज साखरेत घोळलेला. मला म्हणाली, बेटा, बारावीचा अभ्यास कसा चाललाय? मी म्हटलं, बारावी होऊन बराच काळ झाला. तिने ते ऐकलंच नाही. कोर्सचं ठरवायचं आहे, घरात कुणी मोठं असेल त्यांना फोन दे, म्हणाली. घरात माझ्याहून मोठ्या सासूबाईच, म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. अण्णा, अंबुबाईंना तुम्ही ओळखता. त्यांनी अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या कन्नडात आधी तिचं गाव विचारलं, मग लग्न झालंय का, मग पगार किती, मग जेवली का. पोरगी तिकडे रडायलाच लागली. सकाळपासून अठ्ठावन्न फोन केले होते म्हणे आणि जेवलीस का हे कुणीच विचारलं नव्हतं. शेवटी तिनेच हळू आवाजात सांगितलं, की आजी, कोर्स घेऊ नका, सुनेला म्हणावं मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडव, तेवढं पुरे. आता ती रोज जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंना फोन करते. माझी चौकशी कधी करत नाही.

अशा रीतीने मी प्रश्नपत्रिकांवर आले आणि झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा आणला. प्रश्न सोपे असतात. आधी एक नियम देतात, मग एक प्रसंग, आणि फक्त नियम लावून उत्तर द्यायचं. पण मी ते सासूबाईंच्या पुढ्यात मोठ्याने वाचते, तिथे घोटाळा होतो. अ ची म्हैस ब च्या उसात शिरली, तर दोषी कोण? सासूबाई ज्वारी पाखडायची थांबवून विचारतात, "अ म्हंजी कुठल्या गावचा गं?" गाव दिलेलं नाही म्हटलं, की लगेच, "मग ब नं कुंपण का घातलं न्हाय? आन् म्हशीला काय कळतंय, ऊस कुणाचा त्ये? दोघास्नी चा पाज आन् सोडून दे." मला ते इतकं पटायचं, की पहिल्या तीन पत्रिकांत मी सगळ्यांना सोडून दिलं आणि निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली. आता सासूबाईंचं उत्तर आधी ऐकते आणि ते सोडून उरलेल्यातलं निवडते. गेल्या रविवारी शंभरात एकाहत्तर बरोबर आले. एकाहत्तर, अण्णा. मी पाटीवर खडूने लिहून दारात ठेवणार होते, ह्यांनी अडवलं.

पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. माझी कसलीही काळजी करू नका, मला कशाचीही गरज नाही.

तुमची धाकटी,
मंगल

ता.क. गरज नाही असं वर लिहिलं, पण एक आहे. खासबागेतून रोज कोल्हापूर जमणार नाही. निपाणीहून तासाभरात पोचता येतं, मी एस.टी.च्या वेळा लिहून घेतल्या आहेत. आपल्या वडिलांनी, आप्पांनी, बांधलेली तुमच्या घराची वरची माडी रिकामीच असते. पास झाले तर तीन वर्षं तिथे राहू का? शनिवारी संध्याकाळी इकडे येईन. घरात सगळ्यांशी बोलणं झालं आहे. सासूबाईंनीच माझी वळकटी काढून उन्हात टाकली.

ता.क. दुसरा. वहिनी म्हणतील, मंगलने अकरा वर्षांपूर्वीच आप्पांच्या घरावरचा हक्क सोडून दिलाय. खरं आहे, मी खुशीने सोडला, आणि ते हक्कसोडपत्र मीच टाईप केलं होतं. परवा अभ्यासाच्या नादात त्याची प्रत काढून वाचली. दस्त कन्नडमध्ये होता म्हणून तुम्ही न वाचताच सही केलीत. त्यात खालच्या चार खोल्या आहेत, परडं आहे, विहीर आहे. माडी लिहायची राहून गेली आहे. ते खुनाचं कलम सोडलं, तर चौदा वर्षांत माझ्या हातून झालेली ही एवढीच चूक.

ता.क. तिसरा. घाबरू नका. चूक मी दुरुस्त करून देईन. साधारण तीन वर्षांनी. तेव्हा वकीलही घरचीच असेल.